सगळ्यात रडका सिनेमा

सिनेमात अजून कुणी मेलंही नव्हतं, आणि डॉक्टर चंद्रशेखर सबनीस रडायला लागले होते.

"आजोबा, सॅड पार्ट अजून आली पण नाही!" तनूने टिश्यूचा बॉक्स त्यांच्याकडे सरकवला. "दे आर जस्ट ईटिंग नूडल्स."

पडद्यावर समुद्रकाठच्या कुठल्याशा कोरियन गावात, शाळेच्या गणवेशातली दोन मुलं एकाच वाडग्यातून नूडल्स खात होती. मुलगी आपल्या वाटणीचं अंडं गुपचूप मुलाकडे ढकलत होती. तीस वर्षं ब्रिटिश हॉस्पिटलांत लोकांना भूल देणाऱ्या माणसाने एवढ्यावरून रडावं, याची नातीला गंमत वाटत होती. एरवी तिची कोरियन मालिका लागली की आजोबा पाचव्या मिनिटाला घोरायला लागत. आज मात्र तिने लंडनजवळच्या पिनरमधल्या त्यांच्या घरात पाऊल टाकलं न टाकलं तोच त्यांनी फर्मान सोडलं होतं, "तुझ्याकडचा सगळ्यात रडका सिनेमा लाव."

त्यांना निमित्त हवं होतं. सकाळी सातला मिरजेच्या मेडिकल कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवर बातमी आली होती. मधुमती गेली. पहिल्या वर्षाला डिसेक्शनच्या टेबलापलीकडे त्यांच्यासमोर उभी राहणारी मधुमती. त्यांचं पहिलं प्रेम. दोन्ही घरांनी मोडता घातला आणि दोघांनी तो निमूटपणे मानला. ग्रुपवर एकेचाळीस जणांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. चंद्रशेखरांनीही टाकलं, बेचाळिसावं. तिच्यासाठी त्यांना तेवढंच करता येणार होतं. पंचाहत्तरीच्या माणसाने दुसऱ्याच्या बायकोसाठी कुणासमोर आणि काय म्हणून रडायचं?

शेजारच्या खुर्चीत प्रमोदिनीबाई मेथी निवडत होत्या. चव्वेचाळीस वर्षांचा संसार. लग्नाआधी नवऱ्याने हे नाव त्यांना एकदाच सांगितलं होतं, आणि त्यांनीही ते एकदाच ऐकून घेतलं होतं. बायको ते केव्हाच विसरली असणार, असं डॉक्टर धरून चालले होते. नवरे बऱ्याच गोष्टी अशा धरून चालतात.

सिनेमातली मुलगी सोलला गेली. वर्षं गेली. एके दिवशी मुलाला फोन आला आणि त्याच्या हातातलं भांडं खाली पडलं. प्रमोदिनीबाईंनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, मेथीचं ताट टीपॉयवर ठेवलं आणि जिन्याने वर गेल्या.

मुलाचा आगगाडीचा प्रवास बराच वेळ चालला. कोरियन सिनेमातल्या आगगाडीला घाई नसते. शेवटी तो उसन्या काळ्या सुटात तिच्या अंत्यविधीला पोचला. पांढऱ्या फुलांत तिचा हसरा फोटो होता. दाराशी टेबलावर नावं लिहायची वही होती. तिथल्या माणसाने विचारलं, आपण त्यांचे कोण? मुलगा हातात पेन धरून उभाच राहिला. मागे रांग खोळंबली. मग त्याने पेन खाली ठेवलं, चुकून इकडे आलो म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

चंद्रशेखर हमसून हमसून रडू लागले. चष्मा काढायचंही त्यांना भान राहिलं नाही. तनूने घाबरून सिनेमा थांबवला.

"आजोबा, इट्स ओके. इट्स ओन्ली अ फिल्म. ते खरी नाहीये."

"हो गं बाळा. सिनेमाच आहे."

"मी टी करते. विथ शुगर. आजीला नाही सांगणार." ती किचनमध्ये पळाली.

जिन्यावर पावलं वाजली. डॉक्टरांनी घाईघाईने डोळे पुसले आणि थांबलेल्या पडद्याकडे तोंड केलं.

"अहो," मागून प्रमोदिनीबाईंचा आवाज आला, "वर जा. डोक्यावरून अंघोळ करून या. बॉयलर लावलाय."

"आत्ता? दुपारी चारला?"

"गेल्याचं कळलं की करायची असते."

डॉक्टरांचा हात टिश्यूच्या बॉक्सवरच राहिला. त्यांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या बॅचवाल्यांच्या आम्हा बायकांचाही ग्रुप आहे." आवाज नेहमीचाच होता. "आठ वाजल्यापासून वाट बघतेय. म्हटलं, सांगाल."

"अगं, पण अंघोळ कसली? आपलं काय नातं तिच्याशी? सुतक घरच्यांना असतं."

प्रमोदिनीबाईंना वाईट वाटत नव्हतं असं नाही. वाटतच होतं.

"रडताय ना?" त्या म्हणाल्या. "मग जा."

डॉक्टर उठले. गुडघ्यावर हात देत जिन्याशी आले. त्यांना वाट द्यायला बायको बाजूला झाली, तेव्हा कुठे त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे पांढरे केस पाठीवर मोकळे होते आणि टोकांतून पाणी ठिबकत होतं. ब्लाउज खांद्यांवर भिजला होता.

"तू कशाला केलीस?"

"तुम्हाला सुतक, म्हणजे मलाही आलंच," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "जा आता. टॉवेल काढून ठेवलाय."