एकट्याने गाणारा

"पापा, मी बँड सोडतोय." मालोंडा एका दमात बोलून गेला आणि मागे सरकून उभा राहिला. दोनच महिन्यांपूर्वी गिटारवाला एकटाच निघून गेला, तेव्हा बँडचे म्होरके पापा लुकोकींनी बिअरची बाटली भिरकावली होती.

आज मात्र पापांनी माशातला काटा सावकाश काढून ताटलीच्या कडेला ठेवला. "किती जणांना नेतोस?"

"कुणालाच नाही. मला एकट्याने गायचंय. अकरा वर्षं गातोय, पापा. मागे चार गिटारी, शेजारी बोंबलणारा माटेटा. माझ्या आईलासुद्धा माझा आवाज ओळखू येत नाही."

"एकटा?" पापांचा चेहरा पडला. "अख्खी मातोंगे वस्ती म्हणेल, म्हाताऱ्याने हाकलला. किन्शासात अर्धा बँड फोडल्याशिवाय कुणी मोठा झालाय का?"

हे मात्र खरं होतं. मालोंडा घुटमळला. "मग... ड्रमवाला?"

"ने की."

"पण तो तुमचा भाचा."

"म्हणूनच म्हणतो, ने."

"आणि माटेटा?"

"त्याला विसरलास तर बघ!"

"नाचणाऱ्या पोरी?"

"चौघींनाही ने. एकीला ठेवलं तर तिघी रडतील. आणि ट्रंपेटवाल्यांची ताटातूट करू नकोस, सख्खे भाऊ आहेत."

"पापा, हे अर्ध्याच्या वर चाललंय."

"माझं काय रे, म्हातारा माणूस. तुझं नाव झालं पाहिजे." पापांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दोघांचेही डोळे भरून आले.

मालोंडा बाहेर पडला तो हलका होऊन. आठवडाभर घशाखाली घास उतरला नव्हता. त्या दुपारी तो दोन माणसांचं जेवला आणि मेल्यासारखा झोपला.

शनिवारी सकाळी त्याच्या अंगणात एकवीस माणसं बसली होती. "दादा, जनरेटर कुणी आणायचा?" "दादा, आमचे कपडे कुठल्या रंगाचे?" माटेटा तर घसा साफ करायला लागला होता. जरा शांतता मिळावी म्हणून मालोंडा फाटकाबाहेर आला.

समोरच्या भिंतीवर एक माणूस पोस्टर चिकटवत होता. पांढऱ्या सुटातले पापा लुकोकी, कधी नव्हे ते खळखळून हसणारे. खाली हाताने लिहिलेलं: आज संध्याकाळी. आणि मोठ्या छापील अक्षरांत: चाळीस वर्षांत प्रथमच, एकटे.

"एवढ्यात छापलं पण?" मालोंडाने विचारलं.

"एवढ्यात कुठलं," खळीचा ब्रश फिरवत तो माणूस म्हणाला, "छापून तीन महिने झाले."