दोराला हात

जीपची मागची चाकं अर्धी वाळूत गेली होती. दहा मिनिटांपूर्वी विश्रामने पाण्याच्या कडेला एक काठी रोवली होती. ती आता वीतभर पाण्यात उभी होती. सव्वादोन वाजले होते. भरती चारपर्यंत चढायची होती.

"लवकर ठरव," आग्नेल म्हणाला.

आग्नेल बंदरावर ट्रॉलरचं जुनं-नवं सामान विकायचा. निरोप मिळताच तो टेंपो घेऊन आला होता. किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांखाली त्याने दांडा हाताने फिरवून वायर ओढायच्या दोन विंच मांडल्या, एक लहान, एक मोठी. शेजारी साखळी आणि पोलादी वायरची दोन वेटोळी.

"मोठी," विश्राम म्हणाला. त्याने लहान विंचकडे बघितलंसुद्धा नाही. जीप त्याची होती. लष्कराच्या लिलावातली, तिच्यासाठी तो मुंबईतल्या गॅरेजातली नोकरी सोडून गावी आला होता. आज मागे सकाळच्या रापणीचे, गावाने मिळून दोरांनी किनाऱ्यावर ओढलेल्या जाळ्यातले, बांगडे भरलेले होते आणि इंजिनात पाणी शिरलं होतं.

"मोठी घेतलंस तर ती हार मानूची नाय. वायरच आधी जायत. म्हणून वायर बघून घे." आग्नेलने पायाने वेटोळी दाखवली. "ही नवी, सत्तर फुटी. ही जुनी, दीडशे."

"सुरूचा झाड शंभर फुटांवर आसा. पावलांनी मोजलंय."

आग्नेलने गॅरेजात हात पुसायला असतो तसला सुताचा पुंजका काढला, मुठीत धरला आणि जुन्या वायरवरून मूठ ओढत निघाला. ग्रीसमुळे वायर गुळगुळीत दिसत होती. साठएक फुटांवर मूठ अडकली. त्याने हात सोडवून घेतला. पुंजका तिथेच लटकत राहिला.

"बघितलंस? हयसर तुटली हा."

"कितकी?"

"वरच्या पाच तुटक्या तारांचे काटे दिसतत. आतले कोण मोजतलो?" मग समजावणीच्या सुरात तो म्हणाला, "नवी घेवया. होडयेचो नांगर मधी वाळूत पुरूया, तेका विंच बांधूया. जीप थोडी वर इली काय मगे सुरूक."

"नांगर पुरूक किती वेळ?"

"अर्धो तास. खोल खणूक होयो."

विश्रामने काठीकडे पाहिलं. एक लाट आली, जीपच्या मागच्या फळीवर आपटली आणि परतली. काठी नव्हती.

"जुनी लाव."

आग्नेलने एक गोणपाट समुद्रात बुडवून आणलं आणि जिथे सूत अडकलं होतं त्याच्या अलीकडे वायरवर दुमडून घातलं.

"ह्या कित्याक?"

"तुटली तर चाबकासारखी उडता ती. गोणपाटाचा वजन तिका खाली पाडता. गेल्या वर्साक बंदरावर सगळेच घालूक इसारले."

"मगे?"

"मगे काय? साखळी आवळ."

साखळी सुरूच्या बुंध्याला, विंच साखळीला, वायर जीपच्या हुकाला. आग्नेल हुक बघायला पाण्यात उतरला. विश्रामने दांडा फिरवायला घेतला. दातेरी चाकावर खटका पडत गेला, खट, खट. वायर वाळूतून वर उठली, तिच्यावरचं पाणी बारीक थेंबांनी उडालं. जीप हातभर पुढे सरकली. विश्राम हसला.

मग लाट परतली. जीप मागे खेचली गेली आणि वायर बारीक आवाजात वाजायला लागली. आता विश्राम दांडा फिरवतही नव्हता. प्रत्येक परतणारी लाट तो आवाज थोडा चढवत होती.

त्याच वेळी रापणकर आले. पेज प्यायला घरी गेलेली माणसं, त्यांनी बाजूच्या टेकाडावरून पाहिलं ते एवढंच: मासळी किनाऱ्यावर यायची आहे आणि दोर ताणलेला आहे. या गावात दोर ताणलेला बघून कुणी नुसतं उभं राहत नाही. रापणीच्या दोराला ज्याचा हात लागतो, त्याचा मासळीत वाटा. ज्याने हात लावला नाही, त्याला पुढे वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. बापये धोतर-लुंग्या वर खोचत धावले, बायका ओचे खोचत.

"सोडा! हात काढा! बाजूक व्हा!" विश्राम ओरडला. वारा समुद्रावरून होता. त्याचा आवाज मागे सुरूत गेला. त्यांनी त्याचं उघडलेलं तोंड पाहिलं, उचललेला हात पाहिला. रापणीत पुढचा माणूस असाच ओरडतो. ते आणखी जोरात धावले.

वायर सैल करायला त्याने चाक अडवून धरणाऱ्या खटक्याला हात घातला आणि तसाच थांबला. खटका उचलला असता तर जीपचा आणि समुद्राचा सगळा ताण एकट्या दांड्यावर आला असता. दोन्ही हातांनीही तो दांडा धरवला नसता.

आग्नेल गुडघाभर पाण्यातून दोन्ही हात हलवत, अडखळत येत होता. त्याच्याकडे सगळ्यांची पाठ होती.

सगळ्यांत पुढे सीता होती, विश्रामची बायको. वायरवरचं ओलं गोणपाट तिला हात ठेवायच्या जागी आडवं आलं. तिने ते उचलून वाळूत फेकलं आणि वायर दोन्ही मुठींत धरली. तिच्या मागे वीस-पंचवीस हात पडले.

"घट धरा गो!" तिने मागच्या बायकांना हाक दिली. "आपलीच गाडी आसा!"

तिच्या मुठीपुढे वीतभर अंतरावर सुताचा पुंजका होता. इतका वेळ तो वाऱ्याने नुसता थरथरत होता. आता वायरचा पीळ सुटत होता, तसा तो तिच्याभोवती हळूहळू गोल फिरायला लागला.