चांगुणाबाईची हरकत

कारखान्याला परवानगी देण्याआधी गावाचं म्हणणं ऐकायचं, असा कायदाच आहे. त्यासाठी बीदरहून साहेब आले. त्यांना मराठी येत नव्हती आणि आमच्या म्हाताऱ्या माणसांना कन्नड. म्हणून दोघांच्या मध्ये मला उभं केलं.

बोलायला चांगुणाबाई एकटीच उठली. "साहेब, तुमच्या त्या जागेला लागूनच माझी हीर हाय. सारी गल्ली तिचंच पाणी पिती. ह्यो रसायनाचा कारखाना आमाला न्हाई पायजे."

मी साहेबांना कन्नडमध्ये सांगितलं, "कारखाना लवकर सुरू करा, म्हणतायत."

माझ्या बंटीला तिथं नोकरी मिळणार होती. कन्नड कळणारे बाकीचे खाली बघत बसले. त्यांच्याही पोरांचे अर्ज कंपनीकडे होते. साहेबांनी 'गावाची हरकत नाही' असं लिहून घेतलं. आपलं म्हणणं कागदावर आलं म्हणून चांगुणाबाईनं त्यांना हात जोडले.

काल ती हिरीतल्या लालसर पाण्याची बाटली घेऊन माझ्या दारात आली.

"अण्णा, साहेबाला कन्नडमधी तक्रार लिहून दे. त्या दिशी साऱ्या गावात माझ्या बाजूनं तू एकलाच बोललास."