आपली गाडी

दोन वर्षं झाली, रविवारची सुट्टी कशी असते ते मला माहीत नाही. जुन्या मिनीबसची कॅम्पर व्हॅन करायचं खूळ दादाचं. सुतारकाम त्याचं, वायरिंग माझं. मी कंटाळलो की पाठीवर थाप मारायचा, "अरे, आपली गाडी आहे!"

आज प्रत्येक बर्थच्या उशाशी मोबाइल चार्जिंगचा यूएसबी पोर्ट बसवत होतो. दादाचा, वहिनीचा, दोघा पुतण्यांचा झाला. पाचव्या, माझ्या बर्थपाशी ड्रिल टेकवलं, तसा दादाने हात धरला.

"तिथे भोक नको पाडूस. कपाट करायचंय."

"मग माझा पोर्ट?"

टेपने कपाटाचं माप घेत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला,



"आमच्या गाडीला चार पुरेत."