पुलावरचा तिसरा शॉट

माझ्या थोरल्या लेकीला पहिला मुलगा झाला, त्या वर्षी मी एका न्यूज चॅनेलच्या लहानशा ऑफिसात गाडी चालवत होतो.

एकदा सकाळी आमचा कॅमेरामन लंबू आणि मी जुन्या पुलाला गेलेला तडा शूट करून आलो. एडिटिंगवाल्या ताईंनी कार्ड लावलं आणि त्या हसल्या.

"काय हो लंबूशेठ, कॅमेरा कुणाकडे दिला होता? पुलावर तुम्हीच उभे आहात की!"

"कुणाकडे देणार? काकांना साधा फोन सरळ धरता येत नाही," लंबू माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला.

आम्ही तिघं पडद्यापुढे वाकलो. पुलाच्या मधोमध लंबू रिकाम्या हातांनी उभा होता. पुढच्या शॉटमध्ये तो बराच जवळ आला होता. तिसऱ्यात त्याने पंजा वर केला होता, भरधाव गाडीला थांबवतात तसा. आणि तो थेट माझ्याकडे बघत होता.

इतक्यात मोठ्या ऑफिसातून फोन आला. दुपारी पुलावरूनच लाइव्ह हवं होतं.

लंबूचा चेहरा उतरला. गाडीत बसल्यावर तो हळूच म्हणाला, "काका, गाडी बिघडली म्हणून सांगायचं का?"

माझ्या मनातही तेच होतं. पण ताई चार लोकांत हसतील, या वयात भित्रा म्हणतील, एवढंच मला दिसलं.

"गप रे, काही होत नाही," म्हणत मी किल्ली फिरवली.

पूल कोसळून लंबू वारला, त्याच दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी.