डिवायडरमधलं खिंडार

दहाच्या ठोक्याला सुनीलनं शिट्टी फुंकली आणि हायवेच्या दोन्ही अंगांनी माणसं धावत सुटली.

कुंभिवलीच्या पुढं हायवेच्या वरच्या अंगाला ठाकरवाडी, खालच्या अंगाला बौद्धवाडी. दोघींच्या मधोमध छातीएवढा सिमेंटचा डिवायडर. त्याला आज बैलगाडी जाईल एवढं खिंडार पाडलं होतं, तेही एका तासापुरतं. मोठ्या गाड्यांसाठी नवा रस्ता झाला होता. या जुन्या तुकड्याचं काय करायचं ते सरकारी मोजणीदार सुनीलच्या हातातली दोन यंत्रं ठरवणार होती. डाव्या हातातल्यावर गाड्या मोजायच्या, उजव्या हातातल्यावर पायी माणसं. अकराच्या आत गाड्यांपेक्षा पायी ओलांडणारे जास्त भरले, तर डिवायडर निघणार, गाड्या बंद, रस्ता दोन्ही वाड्यांचा. नाही भरले, तर खिंडार दुपारीच बुजवणार.

सरपंच वनितानं सकाळपासून घराघरात बजावलं होतं, "थांबायचं नाय, बघायचं नाय, बोलायचं तर अजिबात नाय. गपगुमान पलीकडं जायचं, कडेला पाय टेकवायचा, परत यायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

खालून पहिली आली मालनबाई, वरून पहिली आली जना. दोघींची दारं समोरासमोर, पण त्या दारात जायचं तर पार पुढच्या वळणापर्यंत जाऊन मागं यावं लागायचं. म्हणून डिवायडर झाल्यापासून गेली अकरा वर्षं दोघी आपापल्या दारातूनच बोलत आल्या होत्या, ट्रकांच्या वरताण ओरडून. आता खिंडारात नाकाला नाक लागलं, तरी आवाज तोच.

"जने! किती वाळलीस गं!"

"आन् तुजे दात कुठं गेले गं मालने? लांबून तर दिसत व्हते!"

त्या दोघी थांबल्या म्हणून मागचे थांबले. मागचे थांबले तर त्यांच्या मागचेही थांबले, आणि थांबल्यावर न बोलता कोण राहतो? एकाला दुसऱ्याच्या हातात आपली हरवलेली कोयती दिसली. एका म्हाताऱ्यानं अकरा वर्षांपूर्वी अर्ध्यात राहिलेली गोष्ट जिथं सोडली होती तिथून पुढं सुरू केली. साडेदहाला रस्ता असा भरला, की एकानं कान खाजवला तर तो शेजारच्याचा निघाला.

वनिता डिवायडरवर चढली. "सायेब, आकडा सांगा."

"पायी, शून्य."

"शून्य? अवो, दोनशे माणूस रस्त्यात हाय!"

"रस्त्यात आहे ना. पलीकडं कोण गेलंय? कडेला पाय टेकल्याशिवाय मला बटण दाबता येत नाही, ताई."

"आन् गाड्या?"

"त्याही शून्य. जाणार कुठून?"

दोन्ही बाजूंनी हॉर्न कोकलत होते. गाड्यांच्या रांगेचं शेपूट शिळफाट्याच्या बाजारात पोचलं होतं आणि तिथल्या भाजीवाल्यांचा माल रांगेतल्या रांगेतच खपला होता.

अकराला पाच कमी. वनिता घसा फोडून सांगत होती, "एक! एक जरी माणूस पार झाला तरी रस्ता आपला!"

तेवढ्यात खिंडारात वेगळाच तंटा लागला.

"चल, चा प्यायला चल," मालनबाईनं जनाचा हात धरला.

जनानं मालनबाईचा धरला. "आदी तू माज्याकडं."

"वयानं मोटी मी हाय. आदी माज्याकडं."

"मोटी हाय म्हणून तर तुजे पाय आदी माज्या घराला लागूंदे!"

मग बौद्धवाडीनं मालनबाईला धरून खाली ओढलं, ठाकरवाडीनं जनाला धरून वर ओढलं. दोघींनी एकमेकींना सोडलंच नाही. दोन्हीकडून शंभर-शंभर माणूस आणि जोर तोलामोलाचा. दोघी तसूभर खाली जायच्या, तसूभर वर यायच्या.

सुनीलनं घड्याळ वर धरलं. "दोन मिनिटं!"

"अगं, हरा गं कुणीतरी!" वनिता किंचाळली.

मालनबाई आयुष्यात कुणाला हरली नव्हती. नवऱ्याला नाही, तलाठ्याला नाही, कुत्रं चावलं होतं तर कुत्र्यालाही नाही. तिनं मान वर करून जनाचं दार बघितलं. निळा रंग दिला होता. लांबून तो काळा दिसायचा.

"सोडा रं मला," ती म्हणाली. "हरले. पण जने, साखर दोन चमचे."

बौद्धवाडीनं हात सोडले आणि ठाकरवाडीचे शंभर जण धपाधप उताणे पडले. चार पोरी मालनबाईला उचलून न्यायला धावल्या.

"हात नका लावू! पायी मोजतायत!" तिनं झिडकारलं.

ती निघाली. गुडघा दुखत होता, दर पावलाला ती त्याला शिव्या घालत होती. पडलेली माणसं पडल्या पडल्या बाजूला सरकत होती. पुढं जना, उलटी चालत. हॉर्नसुद्धा थांबले. मालनबाईनं पांढरी रेघ ओलांडली आणि कडेच्या मातीवर पाय टेकला.

टक्.

सुनीलनं शिट्टी फुंकली. नियमांचा सरकारी कागद उलटा केला, सुलटा केला. "जास्त म्हणजे किती जास्त, ते यात लिहिलेलं नाही," तो म्हणाला, आणि मोठ्या अक्षरात भरलं: पायी एक, गाड्या शून्य.

आरोळी अशी उठली की डोंगरावरची माकडं दोन दिवस खाली आली नाहीत.

रांगेतला पहिला टेंपोवाला घाम पुसत पुढं आला. डिवायडरवर पाय सोडून बसलेल्या वनिताला त्यानं विचारलं, "ताई, हा रस्ता आता जातो तरी कुठं?"

"कुठं नाय जात," वनिता म्हणाली. "आता हितंच ऱ्हातो."