मोडलेला बैल

"डोक्यात बसवलेली ती कसबाची चिप काढून टाका," आनंदीआक्कांनी ठणकावलं.

दवाखान्यातली नर्स चक्रावली. "आक्का, बेंदराच्या सणाला तुमचे मातीचे बैल बघायला गल्ली लोटली होती की!"

"बैल झकास झाले. पण ते हातांनी परस्पर केले, मी नुसती बघत बसले."

पाच मिनिटांत चिप निघाली. घरी येताच आक्कांनी माती मळायला घेतली. दुपारभर घाम गाळला, तेव्हा कुठं एक बैल उभा राहिला. एक शिंग गळालेलं, मान वाकडी.

"आत्याबाई, ही म्हैस का ओ?" सुनेनं विचारलं.

"बैलच हाय!" आक्का खदखदून हसल्या. मग त्यांनी तो मोडला आणि मातीचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

"मोडलासा? आख्खी दुपार घातली की त्यात!"

"मग उद्याची कशात घालू?"